'मायनस मायनस प्लस' पाठ करून घ्यायच्या आधी: धन-ऋण संख्यांचा गुणाकार लेकरांना कसा समजवायचा

सातवीतल्या कोणत्याही लेकराला विचारा, मायनस गुणिले मायनस किती? झोपेतून उठून सुद्धा प्लस म्हणतंय. आता लगेच त्यालाच विचारा, −३ − ५ किती? लई जण बिनधास्त +८ सांगतात. कारण 'मायनस मायनस प्लस' हे डोक्यात पक्कं बसलंय, समोर दोन मायनस दिसले, विषय संपला. लेकराची काही चूक नाही, आपण त्याला अर्धंच वाक्य दिलंय. ते वाक्य फक्त गुणाकार-भागाकाराचं आहे हे कुणी सांगितलंच नाही, आणि सांगितलं असलं तरी यमक लक्षात राहतं, अट राहत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की नियम सगळ्यात शेवटी द्यायचा. आधी लेकराला तो दिसला पाहिजे. खाली जो क्रम देतोय तो आईबाप, मोठी भावंडं, शिकवणी घेणारी पोरं-पोरी, कुणालाही घरी बसून करता येतो. वही, पेन आणि थोडा दम एवढंच लागतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे पण वाचू शकता, तिथं पण निम्मे मार्क चिन्हातच जातात.

आधी जमीन बघून घ्या

आपल्या राज्याच्या अभ्यासक्रमात पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी सहावीला येते आणि गुणाकार-भागाकार सातवीला. मधल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत बेरीज धुऊन निघालेली असती. म्हणून गुणाकाराला हात घालायच्या आधी ही पाच गणितं द्या, तोंडी नको, लिहून:

−४ + ९
४ − ९
−४ − ९
−४ + ४
−(−६)

उत्तरं ५, −५, −१३, ० आणि ६. तिसरं चुकलं तर पुढं जाऊच नका, गुणाकार शिकवायचा हट्ट सोडा आणि दोन-चार दिवस संख्यारेषेवर घाला. जमिनीवर खडूनं −१० ते १० आखायचं, लेकराला −४ वर उभं करायचं आणि 'आता ९ घरं डावीकडं जा' म्हणायचं. ते −१३ वर जायला जागाच नाही म्हणून कटकट करतंय, तेव्हाच त्याला कळतं की आपण शून्यापासून लांब लांब चाललोय. डावीकडं लांब गेलो तर +१३ कसं येईल?

पायरी पहिली: एकच रेघ, तीन कामं

हे फार कमी ठिकाणी सांगतात आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. ७ − ३ मधला मायनस म्हणतो वजा कर. −३ मधला मायनस त्या संख्येचाच आहे, ती शून्याच्या डावीकडं राहते एवढाच पत्ता सांगतो. आणि −(−३) मधला बाहेरचा मायनस म्हणतो, आत जे काही आहे त्याची विरुद्ध संख्या घे, म्हणजे शून्याच्या पलीकडं तेवढ्याच अंतरावर उडी मार.

मोठ्यानं वाचायची सवय लावा. ७ − (−३) हे 'सात वजा ऋण तीन' असं वाचायचं, 'सात मायनस मायनस तीन' असं नाही. आठ दिवस असं वाचून घेतलं की फरक दिसतो.

दुसरी सवय कंसाची. गुणिलेच्या खुणेमागं ऋण संख्या आली की तिला कंसात घालायचंच, ५ × (−३). कंस न घालता ५ × −३ लिहिलं की पुढच्या ओळीला उतरवताना गुणिलेची खूण गळती, राहतं ५ − ३, आणि उत्तर येतं २. माझ्या पुतणीच्या वहीत एक पान होतं, वरच्या ओळीत ५ × −३, खालच्या ओळीत ५ −३, आणि खाली ठळक २, त्याला दोन रेघा मारून चौकट पण केलेली. मी म्हणलं, बाई चौकट झकास आहे पण कंस कुठंय? कंस घालून परत लिहायला लावलं तर तिनं स्वतःच −१५ काढलं. तिला गुणाकार येत होता, नडलं फक्त लिहिणं.

पायरी दुसरी: धन गुणिले ऋण

हे सोपंय, यात वेळ घालवू नका. ४ × (−३) म्हणजे −३ चार वेळा. (−३) + (−३) + (−३) + (−३) = −१२. संख्यारेषेवर डावीकडं तीन-तीनच्या चार उड्या. तीन-चार उदाहरणं लेकराकडून बेरीज करून सोडवून घ्या, मग ते स्वतःच म्हणतंय की 'हे तर नुसतं पाढा म्हणून मायनस लावायचंय'. तेच पाहिजे होतं.

पायरी तिसरी: ऋण गुणिले धन

(−३) × ४ इथं मात्र पहिली अडचण. चार हे 'उणे तीन वेळा' कसं घेणार? वेळा कधी उण्या असतात का? हुशार लेकरू हे विचारतंच, आणि त्याला 'जास्त शहाणपणा करू नको' म्हणू नका, प्रश्न बरोबर आहे.

एक रस्ता असा की ३ × ४ आणि ४ × ३ सारखेच येतात, मग (−३) × ४ पण ४ × (−३) एवढंच, म्हणजे −१२. दुसरा रस्ता पाढा उतरत्या क्रमानं लिहिण्याचा, आणि मला हा जास्त आवडतो कारण पुढं कामाला येतो:

३ × ४ = १२
२ × ४ = ८
१ × ४ = ४
० × ४ = ०
(−१) × ४ = ?

उत्तरं प्रत्येक ओळीला ४ नं कमी होतायत. शून्यातून ४ कमी केले की −४. मग −८, मग −१२. लेकराला पेन देऊन पुढच्या ओळी त्यालाच लिहू द्या, तुम्ही बोलू नका.

पायरी चौथी: ऋण गुणिले ऋण, इथं थांबायचं

आता तोच पाढा, पण ऋण चारचा. वहीत असा लिहून द्या आणि शेवटच्या तीन ओळी कोऱ्या सोडा:

३ × (−४) = −१२
२ × (−४) = −८
१ × (−४) = −४
० × (−४) = ०
(−१) × (−४) =
(−२) × (−४) =
(−३) × (−४) =

विचारा, −१२ वरून −८ वर, मग −४, मग ०, आकडा वाढतोय का कमी होतोय? इथं निम्मी लेकरं 'कमी' म्हणतात, कारण १२, ८, ४ दिसतंय. परत संख्यारेषेवर बोट ठेवायला लावा. बोट उजवीकडं सरकतंय, म्हणजे वाढतंय, दर ओळीला ४ नं. मग शून्याच्या पुढं? ४, ८, १२. पेन त्याच्याच हातात पाहिजे बरं का. आपण लिहून दाखवलं तर तो आणखी एक नियम होतो, त्यानं लिहिलं तर त्याचा शोध होतो.

पण पाढ्याची ही सर म्हणजे पुरावा नव्हे, नुसती खात्री वाटती. त्याला खरंखुरं काहीतरी जोडायला पाहिजे आणि इथं बरेच जण उधारीचं उदाहरण देतात. उधारी बेरजेला झकास चालती, दुकानात २०० ची उधारी आणि ३०० ची उधारी मिळून ५०० ची, −२०० − ३०० = −५००. गुणाकाराला मात्र नको, उधारी गुणिले उधारी असं जगात काही नसतंय आणि उधारी दुप्पट-तिप्पट करून कुणी सावकार झालेला आपल्याकडं तरी पाहिला नाही. 'शत्रूचा शत्रू तो मित्र' हे पण तसंच, लक्षात राहायला बरं, पण कारण कुठंय त्यात?

आपल्या मराठवाड्यातल्या लेकराला विहीर घ्या. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, पाणी किती उतरलं हे आपल्याकडं शाळेत जायच्या आधीपासून लेकरं ऐकतात. जुनी माणसं विहीर परसात मोजतात (परस म्हणजे साधारण माणसाच्या उंचीएवढं माप), आपण फुटात मोजू.

विहिरीच्या आतल्या बाजूला आज पाणी जिथं आहे तिथं चुन्यानं एक रेघ मारली असं समजा. ती शून्य. रेघेच्या वर धन, खाली ऋण. वेळेचं पण तसंच, आज शून्य, पुढचे आठवडे धन, मागचे आठवडे ऋण. आणि पाणी चढत असलं तर वेग धन, उतरत असलं तर ऋण. ही तीन चिन्हं आधी ठरवून वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून घ्या, नाहीतर मधेच गल्लत होती.

पावसाळ्यात झड लागली, पाणी आठवड्याला २ फूट चढतंय. तीन आठवड्यांनी पाणी कुठं? २ × ३ = ६, रेघेच्या सहा फूट वर. तीन आठवड्यांपूर्वी कुठं होतं? २ × (−३) = −६, चढत चढत आलंय म्हणजे तेव्हा खालीच असणार.

आता एप्रिल. मोटार चालू आहे, झरे आटलेत, पाणी आठवड्याला २ फूट उतरतंय, वेग −२. तीन आठवड्यांनी? (−२) × ३ = −६, रेघेच्या सहा फूट खाली. आणि तीन आठवड्यांपूर्वी? हा प्रश्न मी पुतणीला विचारला तेव्हा सूत्र-बित्र काही सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "काका, उतरत आलंय ना, मग तेव्हा वरच असंल की. सहा फूट." मी फक्त त्याच्यापुढं (−२) × (−३) = ६ लिहिलं आणि गप बसलो. ती दोन मिनिटं वहीकडं बघत बसली, मग म्हणाली, "हे मायनस मायनस प्लस तर हेच हाय ना?"

या उदाहरणाची खुबी अशी की एक संख्या वेग आहे आणि दुसरी वेळ, दर आठवड्याचे फूट गुणिले आठवडे बरोबर फूट. दोन्ही उण्या असू शकतात आणि दोन्हीच्या उणेपणाला खरा अर्थ आहे. ही चारही वाक्यं लेकराकडून उलटसुलट बोलून घ्या, आकडे बदलून.

'पण का' विचारणाऱ्यांसाठी

काही लेकरांचं विहिरीनं पण समाधान होत नाही, त्यांना पक्कं पाहिजे असतंय. त्यांना हे द्या, तीन ओळींचं आहे. ४ + (−४) = ० हे मान्य? मान्य. कशालाही शून्यानं गुणलं की शून्य, मान्य? मान्य. मग

(−३) × [४ + (−४)] = ०

आता कंस सोडवा, जसं नेहमी सोडवतो, दोन्हीला वेगवेगळं गुणून:

(−३) × ४ + (−३) × (−४) = ०

पहिला तुकडा −१२ आहे हे तिसऱ्या पायरीत बघितलं. −१२ मध्ये काय मिळवलं की शून्य होतं? १२, दुसरं काही नाहीच. म्हणजे (−३) × (−४) ला १२ झाल्याशिवाय इलाजच नाही. कुणाच्या मर्जीनं नियम केलेला नाही, बाकीचे नियम जपायचे असतील तर हा आपोआप येतोच.

आणि लेकरू बिचकत असलं तर त्याला इतिहास सांगा, धीर येतो. ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धांतात धन आणि ऋण संख्यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम लिहून ठेवले होते, ऋणाला ऋणानं गुणलं की धन हे त्यात आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या बीजगणितात तेच श्लोकात आहे. आणि तिकडं इंग्लंडात १७५८ साली, म्हणजे ब्रह्मगुप्तानंतर अकराशे वर्षांनी, फ्रान्सिस मासेरेस नावाचा गणिती ऋण संख्या बीजगणितातून काढून टाका म्हणून अख्खं पुस्तक लिहीत होता. एवढ्या शिकलेल्या माणसाला पचलं नाही ते सातवीच्या पोराला एका तासात कसं पचंल, थोडा टाइम द्या की.

पायरी पाचवी: आता नियम, पण पूर्ण वाक्यात

गुणाकारात दोन्ही चिन्हं सारखी असतील तर उत्तर धन, वेगळी असतील तर ऋण. 'गुणाकारात' हा शब्द गाळला की खेळ खल्लास. भागाकाराला वेगळा नियम शिकवायची गरज नाही, (−३) × (−४) = १२ असेल तर १२ ÷ (−४) = −३ च येणार, गुणाकार उलटा फिरवला की झालं. फक्त शून्यानं भागायचं नाही एवढं लक्षात ठेवायचं.

अपूर्णांक, दशांश, सगळीकडं तेच चिन्ह. (−१.५) × (−०.४) = ०.६. दशांश चिन्ह कुठं येणार याची भांडणं वेगळी, चिन्हाची वेगळी, दोन्ही एकदम करू नका.

पायरी सहावी: तीन-चार संख्या असल्या तर

(−२) × (−३) × (−५) असं आलं की लेकरं दोन-दोन करत जातात, चालतं, पण लांब गणितात घसरतात. त्यापेक्षा हा क्रम. सगळ्यात आधी कुठं शून्य लपलाय का बघा, असला तर उत्तर शून्य, पेन खाली. नसला तर ऋण संख्या मोजा. सम असल्या तर उत्तर धन, विषम असल्या तर ऋण, दोन-दोनची जोडी लागती म्हणून. हे चिन्ह आधी लिहून टाकायचं आणि मग निवांत आकडे गुणायचे. वरच्या गणितात तीन ऋण, विषम, म्हणून उत्तर −३०.

घातांकात पण हेच, पण तिथं एक खड्डा आहे आणि त्यात मोठी माणसं पण पडतात. (−२) चा चौथा घात म्हणजे −२ चार वेळा, उत्तर १६. पण कंस नसला, नुसतं वजा आणि पुढं २ चा चौथा घात, तर घात फक्त २ चा, मायनस बाहेरच बसलाय, उत्तर −१६. मजा म्हणजे एक्सेलमध्ये बरोबरच्या खुणेपुढं कंस न घालता वजा दोनचा वर्ग टाइप केला तर ४ येतं, गणिताच्या पुस्तकाच्या रीतीनं ते −४ आहे. तिथं आधी संख्येला मायनस चिकटतो, मग वर्ग होतो. कॉम्प्युटरनं सांगितलं म्हणून बरोबर असं काही नाही, कंस घाला आणि मोकळे व्हा.

जिथं हमखास गाडी अडकती

७ − २ × (−३) हे गणित लेकराला द्या आणि नुसतं बघा. पहिला झटका ७ − २ = ५ आणि मग ५ × (−३) = −१५. गुणाकार आधी हे पाठ असतंय पण ७ − २ इतकं सोपं दिसतंय की हात थांबत नाही. गुणाकाराच्या तुकड्याखाली पेन्सिलनं रेघ मारायला लावा, २ × (−३) = −६, मग ७ − (−६), 'सात वजा ऋण सहा', म्हणजे १३.

दुसरं, कंसाबाहेरचा मायनस. −२(क्ष − ४) याचं उत्तर −२क्ष − ८ असं वहीवहीत सापडतंय. मायनस पहिल्या पदाला लावला आणि दुसऱ्यापर्यंत पोचेपर्यंत विसरला. बरोबर उत्तर −२क्ष + ८. हे आठवी-नववीत समीकरणं आली की रोज लागतं. पडताळा घ्यायची सवय लावा, क्ष = १० घाला, मूळ गणित −२ × ६ = −१२, उत्तरात −२० + ८ = −१२, जुळलं. चुकीच्यात −२८ येतं, लगेच पकडलं जातं.

सराव कसा द्यायचा

रोज दहा मिनिटं बास. पण गुणाकाराची वीस गणितं ओळीनं देऊ नका, लेकरू तिसऱ्या गणितानंतर डोकं बंद करून फक्त चिन्हं जोडत बसतंय. बेरीज, वजाबाकी, गुणाकार मिसळून द्या, तरच ते प्रत्येक वेळी थांबून बघतंय की इथं नक्की काय चाललंय. नमुन्याला हे घ्या:

(−७) × ८
−९ − ६
(−९) × (−६)
−४ + (−४)
(−४) × (−४)
१२ − (−५)
(−१५) × (−४) × ०
(−२) × (−५) × (−१०)
(−१) चा १०१ वा घात
(−३) × ४ − (−५) × (−२)

उत्तरं ओळीनं −५६, −१५, ५४, −८, १६, १७, ०, −१००, −१, −२२.

सोडवताना पहिल्या फेरीत फक्त चिन्ह सांगायला लावा, धन, ऋण का शून्य, आकडा दुसऱ्या फेरीत. तपासताना नुसतं चूक-बरोबर करू नका, कुठलं चुकलं ते बघा. दुसरं आणि चौथं चुकलं तर नियम बेरजेत घुसलाय, खडूच्या संख्यारेषेवर परत जा. सहावं चुकलं तर मायनसची तीन कामं अजून वेगळी झाली नाहीत, मोठ्यानं वाचून घ्या. सातव्यात कुणी ६० पर्यंत गुणत गेलं तर नुसतं हसा, पुढच्या वेळी शून्य आधी शोधील. आणि शेवटच्यात −२ आलं तर (−५) × (−२) चे १० बरोबर काढलेत पण त्याच्या आधीचा वजा गिळलाय, −१२ − १० च्या जागी −१२ + १० केलंय. त्याला दोन्ही गुणाकारांखाली वेगवेगळी रेघ मारून, मधला वजा पेनानं गोल करून, तेच गणित परत द्या.